काचघराचं लाकूड: कॉन्झर्वेटरी आणि ऑरेंजरीसाठी टिकाऊ हार्डवुड कसं निवडावं

कॉन्झर्वेटरीच्या, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीच्या, चौकटीतलं लाकूड एकाच वेळी दोन हवामानांत उभं असतं. बाहेरच्या अंगाला पाऊस, वारा आणि ऊन. आतल्या अंगाला काचेने कोंडलेली उबदार हवा. थंडीच्या दिवसांत आतली दमट हवा गार काचेला लागते, तिचं पाणी होतं आणि ते ओघळून झडपेच्या खालच्या दांडीवर येऊन थांबतं. साध्या खिडकीला इतका ताण सहसा येत नाही. म्हणूनच खिडक्यांना वर्षानुवर्षं चाललेलं लाकूड काचघराला चालेलच असं नाही.

“सगळ्यांत चांगलं लाकूड कोणतं?” असा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. या प्रश्नाने सुरुवात केली की निवड फसते. आख्ख्या काचघराला एकच लाकूड लावायला हवं असा काही नियम नाही. कोणता भाग किती भिजणार हे आधी ठरवा, मग त्या भागाला पुरेल असं लाकूड शोधा, आणि जिथे पाणी थांबतं तिथे पैसे आधी खर्च करा. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: पाणी कुठे थांबेल ते आराखड्यावर रंगवा

आधी आपण नेमकं काय बांधतो आहोत ते स्पष्ट करून घेऊ. ऑरेंजरी ही मुळात थंड मुलखात संत्र्या-लिंबाची झाडं हिवाळ्यात जगवण्यासाठी बांधलेली इमारत. व्हर्सायची ऑरेंजरी ज्यूल आर्दुआँ-मान्सारने १६८४ ते १६८६ या काळात उभारली. लंडनच्या क्यू बागेतली विल्यम चेंबर्सची ऑरेंजरी १७६१ची. दोन्हींत भर भक्कम बांधकामावर आणि उंच खिडक्यांवर. आजच्या ऑरेंजरीतही जाड खांब असतात, कडेने सपाट छप्पर असतं आणि मधोमध काचेचा उंच ‘लँटर्न’ बसवलेला असतो. कॉन्झर्वेटरीत मात्र भिंती आणि छप्पर जवळजवळ पूर्ण काचेचं असतं आणि ते बारीक दांड्यांवर पेललेलं असतं.

लाकडाच्या निवडीवर याचा थेट परिणाम होतो. कॉन्झर्वेटरीत दांड्या बारीक आणि लांब असल्याने लाकडाने वाकडंतिकडं न होणं फार महत्त्वाचं. ऑरेंजरीत लाकूड जाडजूड असतं, पण लँटर्नपर्यंत शिडी लावून पोचणं अवघड असतं. तिथे दुरुस्ती आणि रंगकाम टळत राहतं, त्यामुळे लँटर्नला पहिल्या दिवसापासूनच जास्त टिकाऊ लाकूड द्यावं.

आता आराखडा समोर घ्या आणि तीन रंगांनी खुणा करा. लाल रंग जिथे पाणी साचू शकतं तिथे: चौकटीची सर्वांत खालची आडवी दांडी, म्हणजे सिल, दाराचा उंबरठा, खांबांचे पाय, झडपांच्या खालच्या दांड्या, छपराच्या वाशांची खालची टोकं. पिवळा रंग जिथे पाऊस लागतो पण लगेच निथळून जातो तिथे: उभे खांब, झडपांच्या उभ्या बाजू, वरच्या दांड्या. हिरवा रंग पूर्णपणे आतल्या भागांना. लाल भाग एकूण लाकडाच्या मानाने थोडा निघतो. कुजण्याची सुरुवात मात्र बहुतेक वेळा तिथेच होते.

पायरी २: टिकाऊपणाचा वर्ग विचारा, कठीणपणा नव्हे

रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड, सूचिपर्णी झाडाचं ते सॉफ्टवुड. हे वनस्पतिशास्त्राचं वर्गीकरण आहे. त्यातून टिकाऊपणा कळत नाही. अतिशय हलकं बाल्सा हेही हार्डवुडच. बीच, ॲश, मेपल, बर्च ही लाकडं कठीण आहेत, रंध्यातून गुळगुळीत निघतात, फर्निचरला उत्तम. पण उघड्यावर ओली राहिली तर काही वर्षांत कुजतात. उलट वेस्टर्न रेड सीडर हे मऊ सॉफ्टवुड कुजण्याला या सगळ्यांपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं.

कामाचा मापदंड आहे ईएन ३५० हे युरोपीय मानक. बुरशीने कुजण्याला लाकूड किती विरोध करतं यावरून त्यात पाच वर्ग केलेले आहेत: वर्ग १ अतिशय टिकाऊ, वर्ग ५ अजिबात न टिकणारं. हा वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाला लागू होतो, हे पक्कं लक्षात ठेवा. सालीलगतचं फिकट लाकूड, ज्याला रसकाष्ठ म्हणतात, ते कोणत्याही झाडाचं असो, वर्ग ५ मध्येच धरलं जातं. जिवंत झाडात ते पाणी वाहून नेतं आणि अन्न साठवतं. गाभ्याला बुरशीपासून वाचवणारी टॅनिनसारखी द्रव्यं त्यात नसतात. त्यामुळे कडेला दोन बोटं पांढरी पट्टी असलेला सागाचा तुकडा सिलमध्ये गेला, तर त्या पट्टीपुरता तो साग उपयोगाचा नाही.

माझी शिफारस अशी: लाल भागांना वर्ग १ किंवा २, पिवळ्या भागांना वर्ग ३ पर्यंत चालेल, पण रंगाचा थर चांगला हवा आणि त्याची देखभाल नियमित हवी. हिरव्या भागांना टिकाऊपणापेक्षा स्थिरता आणि रूप पाहा. मात्र खोलीत झाडं असतील, रोज पाणी मारलं जात असेल, तर हिरवा भागही पिवळा समजा.

बुरशीला वाढायला पाणी लागतं. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते कुजत नाही. टिकाऊ लाकूड निवडणं हा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे ते लाकूड भिजलं तरी लवकर वाळेल अशी रचना. त्याकडे पुढे येऊ.

पायरी ३: लाकूड किती हलणार याचा हिशेब करा

काचघराच्या तक्रारी ऐकल्या तर कुजण्याच्या आधी येतात त्या अडकणाऱ्या दारांच्या, उघड्या पडलेल्या सांध्यांच्या आणि काचेच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्याच्या. हे सगळं लाकडाच्या फुगण्या-आकसण्यातून होतं. हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकूड पाणी घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ शून्य असतो. वाढीच्या वलयांना आडवं, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, ते थोडं हलतं. वलयांच्या कडेने मात्र साधारण त्याच्या दुप्पट हलतं.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. १५० मिलिमीटर रुंद दांडी आहे, वलयं रुंदीच्या दिशेने पसरलेली आहेत आणि ऋतू बदलताना लाकडातल्या आर्द्रतेत ४ टक्क्यांचा फरक पडतो. ओक अशा वेळी सुमारे २ मिलिमीटर हलेल, साग सुमारे १ मिलिमीटर. दारात असा दोन दांड्यांचा जोड समोरासमोर आला की फट बंद होते आणि दार घासायला लागतं.

काचघरात आणखी एक गुंतागुंत असते. दांडीची आतली बाजू कोरडी आणि बाहेरची ओली राहिली की एक बाजू आकसते, दुसरी फुगते आणि दांडी धनुष्यासारखी वाकते. म्हणून उंच दारांच्या उभ्या बाजूंसाठी आणि लांब वाशांसाठी ‘क्वार्टर सॉन’ माल मागा. ओंडका अशा तऱ्हेने कापलेला असतो की वलयं फळीच्या रुंद बाजूला काटकोनात येतात. त्यात वाया जाणारं लाकूड जास्त, म्हणून तो महाग पडतो. सगळीकडे त्याची गरज नाही. दाराला मात्र ती काटकसर करू नका.

पायरी ४: जाती समोरासमोर ठेवा

साग, म्हणजे टेक्टोना ग्रँडिस. नैसर्गिक जंगलातल्या जुन्या सागाचा गाभा वर्ग १ मध्ये येतो. तो फार हलत नाही, त्यात नैसर्गिक तेल असतं आणि लोखंडाशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. पण बाजारात आता लागवडीचा साग भरपूर आहे, आणि त्याचा टिकाऊपणा ईएन ३५० प्रमाणे वर्ग १ ते ३ असा कुठेही असू शकतो. झाड कोवळं तोडलेलं असेल तर रसकाष्ठाचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे नुसतं ‘साग’ हे नाव ऐकून निश्चिंत होऊ नका. लागवडीचा की जंगलातला, झाडाचं वय किती, गाभा किती, हे विचारा. सागातल्या तेलामुळे गोंद आणि रंग धरायला त्रास होतो. चिकटवण्याच्या जरा आधी पृष्ठभाग ताजा रंधून किंवा सॉल्व्हंटने पुसून घ्यावा लागतो. सागात सिलिकाही असते, त्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते.

इरोको, मिलिशिया एक्सेल्सा, हे आफ्रिकेचं लाकूड. वर्ग १ ते २, स्थिरता सागाच्या जवळपास. सिल आणि उंबरठ्यासाठी हे माझ्या पहिल्या पसंतीचं लाकूड आहे, कारण टिकाऊपणा आणि स्थिरता दोन्ही एकत्र मिळतात. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यात कधीकधी खडूसारख्या कॅल्शियमच्या खड्यांचे कण दडलेले असतात, ते करवतीचे दात मोडतात. आणि त्याची धूळ त्वचेला, डोळ्यांना, श्वासाला झोंबते. त्यातल्या द्रव्यांमुळे तेलाच्या रंगाला वाळायला वेळ लागतो.

युरोपीय ओकचं स्थान वेगळं आहे. दिसायला देखणं, ताकदीने भक्कम, मोठ्या मापात मिळणारं. जुन्या लाकडी सांगाड्यांच्या धर्तीची ऑरेंजरी बांधायची तर ओकला तोड नाही. त्याचा टिकाऊपणा साधारण वर्ग २ धरतात, पण आताच्या ईएन ३५० मध्ये तो २ ते ४ असा दिलेला आहे, म्हणजे माल पाहून घेणं आलंच. ओक बऱ्यापैकी हलतो. त्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की निळे-काळे डाग पडतात, आणि त्यातून सुटणारं ॲसेटिक आम्ल शिशाच्या पत्र्याला खातं. छपराच्या कडेला लेड फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारी शिशाची पट्टी, असेल तर ओकला ते थेट टेकू देऊ नका. ओलं, न वाळवलेलं ओक सांगाड्याला वापरतात; ते वाळताना फाटतं, वळतं, आणि त्या कामात ते गृहीत धरलेलं असतं. काच बसवायच्या दांड्यांना असं ओलं ओक लावणं म्हणजे काचेचे सांधे उघडे पडण्याची सोय करणं.

अमेरिकन ओक घेताना पांढरा आणि लाल यांत गफलत होऊ देऊ नका. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या नैसर्गिक पडद्यांनी बुजलेल्या असतात, म्हणून त्याची पिंपं गळत नाहीत. लाल ओकच्या नळ्या उघड्या राहतात. लहानसा तुकडा घ्या, एका टोकाला साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या टोकाने फुंका: बुडबुडे आले तर तो लाल ओक. तो बाहेरच्या कामाला घेऊ नका.

सापेली, एंटँड्रोफ्राग्मा सिलिंड्रिकम, हे काचघरांच्या जोडकामात फार वापरलं जातं. लालसर, एकसारखं, लांब आणि स्वच्छ मापात मिळणारं, रंग छान धरणारं. टिकाऊपणा वर्ग ३. खांब, झडपा, वासे यांना, वर रंगाचा थर चांगला असेल तर, हे उत्तम. सिलला मी ते वापरणार नाही. रेषा उलटसुलट गुंतलेल्या असल्याने रंधताना पृष्ठभाग उचकटतो, त्यामुळे धार तीक्ष्ण हवी. त्याचंच भावंड उटिले, म्हणजे सिपो, वर्ग २ ते ३. माल चांगला मिळाला तर मी सापेलीऐवजी तेच घेईन.

मेरांटी हे एका झाडाचं नाव नव्हे. शोरिया वंशातल्या अनेक जाती त्या नावाखाली विकल्या जातात. गडद लाल मेरांटीचा टिकाऊपणा वर्ग २ ते ४ असा पसरलेला आहे. फळी हातात घेऊन वजन पाहा. हलकी फळी सहसा कमी टिकते. मोठ्या उष्णकटिबंधीय झाडांच्या अगदी मध्यातल्या लाकडात तंतू आधीच चिरडलेले असतात. अशी फळी अचानक, गाजरासारखी काडकन मोडते. रंध्यानंतर फळीवर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ती बाजूला काढा. खास करून छपरासाठी.

स्वीट चेस्टनट वर्ग २, दिसायला ओकसारखं, पण लांब, सरळ माल मिळणं कठीण. रोबिनिया टिकाऊपणात सागाच्या पंक्तीला बसतं, मात्र त्याची झाडं वाकडी वाढतात. इपे अतिशय टिकाऊ आणि पाण्यात बुडेल इतकं जड. जमिनीच्या फळ्यांना योग्य, झडपांना ते वजन नको.

आणि एक लाकूड जे मुळात हार्डवुड नाही, तरी यादीत हवंच: ॲसेटिलेशन केलेलं रेडिएटा पाइन, ‘अकोया’ या नावाने मिळणारं. ॲसेटिक ॲनहायड्राइडच्या प्रक्रियेने लाकडाच्या पेशींची पाणी धरण्याची ओढच कमी केलेली असते. त्यामुळे टिकाऊपणा वर्ग १ चा आणि हलणं फारच थोडं. रंग देऊन वापरायचं असेल तर उंच दारांसाठी याच्याइतकं भरवशाचं लाकूड मला दुसरं दिसत नाही. नैसर्गिक रेषांचं सौंदर्य हवं असेल तर मात्र मन भरणार नाही, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण आत थोडं आम्ल उरलेलं असतं.

पायरी ५: अखंड की थरांचं?

अखंड लाकूड श्रेष्ठ आणि चिकटवलेलं दुय्यम, ही समजूत काचघराच्या बाबतीत सोडून द्यावी. तीन थर रेषा आलटून-पालटून चिकटवले की एकाची वळण्याची ओढ दुसरा अडवतो. जोसेफ पॅक्स्टन या इंग्रज बागकामतज्ज्ञाने चॅट्सवर्थ इथलं ग्रेट कॉन्झर्वेटरी हे प्रचंड काचघर १८३६ ते १८४१ मध्ये उभारलं, त्याच्या कमानीही थर जोडून केलेल्या लाकडाच्याच होत्या.

लांब वासे आणि उंच दारं यांना थरांचं लाकूडच घ्या. गोंद ईएन २०४ या लाकडाच्या गोंदाच्या मानकाप्रमाणे डी४, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्रतीचा आहे ना, ते लेखी मागा. सगळे थर एकाच जातीचे हवेत. वर टिकाऊ पातळ पापुद्रा आणि आत स्वस्त लाकूड अशी रचना बाहेरच्या कामाला नको. बोटांसारख्या दात्यांनी टोकं जोडलेला माल रंगाखाली चालतो, पारदर्शक पॉलिशखाली ते सांधे नजरेत येतात.

पायरी ६: छपराचं लाकूड ताकदीच्या प्रतीने घ्या

दुहेरी काच जड असते, त्यावर वाऱ्याचा आणि हिमप्रदेशात बर्फाचा भार येतो. वाशांची मापं अंदाजाने ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या. हार्डवुडच्या ताकदीच्या प्रती ईएन ३३८ मध्ये डी अक्षराने दिलेल्या असतात: डी३०, डी४० वगैरे. आकडा म्हणजे वाकताना लाकूड किती ताण सोसेल, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. टिकाऊपणाचा वर्ग आणि ताकदीची प्रत या वेगळ्या गोष्टी आहेत. मागणीत दोन्ही लिहा.

वासा मोडत नाही म्हणून तो पुरेसा आहे असंही नाही. तो किती झुकतो ते पाहा. वासा झुकला की दुहेरी काचेच्या कडेचं सील ताणलं जातं आणि काचेच्या आत धुकं धरतं.

पायरी ७: माल समोर ठेवून पारखा

नमुन्याच्या सुंदर तुकड्यावर निर्णय घेऊ नका. प्रत्यक्ष येणारा माल पाहा, किंवा विश्वासातल्या सुताराला पाहायला पाठवा.

सगळ्यांत आधी आर्द्रता. बाहेरच्या जोडकामासाठी १२ ते १६ टक्के योग्य. दोन सुयांचा मीटर वापरा, तो त्या जातीच्या लाकडासाठी जुळवून घ्या आणि टोकापासून निदान हातभर आत मोजा, कारण टोकं आधी वाळतात. सुया जितक्या खोल जातील तितकं बरं. पृष्ठभाग १२ आणि गाभा २० दाखवत असेल तर फळी अर्धीच वाळलेली आहे. कापल्यावर ती वळणार. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडात आत ताण अडकून राहतो. फळीच्या टोकाकडून एक आडवा काप काढा, त्याला चिमट्यासारख्या दोन दांड्या कोरा. दोन्ही आतल्या बाजूला वळून एकमेकींना भिडल्या, तर ताण उरलेला आहे.

मग फळी टोकाकडून डोळ्याच्या रेषेत धरून पाहा: धनुष्यासारखी वाकली आहे का, पिळ आहे का. वाकलेली फळी आखूड तुकड्यांना चालते. पिळलेली परत करा. रेषा फळीच्या कडेला समांतर आहेत का, की तिरक्या निघून जातात? तिरक्या रेषांची दांडी कमजोर असते आणि वळते. घट्ट, लहान गाठ आतल्या खांबात खपून जाईल, पण सांध्यात, काचेच्या खाचेत किंवा वाशाच्या खालच्या कडेला गाठ नको.

टोकाच्या छेदावर वलयं आणि रंग नीट पाहा. गाभा आणि रसकाष्ठ यांतला फरक सागात, ओकमध्ये, इरोकोत सहज दिसतो. लाकूड पाण्याने ओलं केलं की आणखी स्पष्ट होतो. सापेलीतही फिकट पट्टी कळते. मेरांटीच्या काही जातींत मात्र तो फरक पुसट असतो. बारीक छिद्रं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर ते रसकाष्ठ पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. तो ढीगच नाकारा.

पायरी ८: नाव आणि कागद

‘महोगनी’ या एका नावाखाली सापेली, खाया आणि काही वेळा मेरांटीसुद्धा विकली जाते. बिलावर वनस्पतिशास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहून घ्या. खरी मोठ्या पानांची महोगनी, स्विटेनिया मॅक्रोफिला, २००३ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. अफ्रोर्मोसिया हे आफ्रिकेचं लाकूडही त्याच परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये पनामा इथल्या परिषदेत आफ्रिकेतली खाया, म्हणजे आफ्रिकन महोगनी, त्यात घेण्यात आली. तिथेच इपेबाबतही निर्णय झाला, तो नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. या लाकडांची आयात-निर्यात बंद नाही, पण परवान्याशिवाय होत नाही.

लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं असल्याचं एफएससी किंवा पीईएफसी प्रमाणपत्र असेल तर विक्रेत्याचा साखळी क्रमांक (जंगलापासून विक्रेत्यापर्यंतच्या नोंदीचा) त्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो तपासाच. शेकडो वर्षांचं झाड आपल्या खोलीसाठी तोडलं गेलं असेल, तर ते कुठून आणि कोणत्या हक्काने तोडलं हे विचारणं आपलं काम आहे.

पायरी ९: लाकडाला वाळू देणारी रचना

वर्ग १ चं लाकूड वाईट रचनेत कुजतं आणि वर्ग ३ चं चांगल्या रचनेत दीर्घकाळ टिकतं. म्हणून कारखान्यात छेद कापायच्या आधी आराखड्यातल्या या गोष्टी पाहून घ्या.

सिलचा वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला निदान ७ अंश उतरता हवा. खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, पाणी तोडणारी खाच हवी. नाहीतर थेंब उलटे भिंतीकडे सरकतात. लाकूड बाहेरच्या जमिनीपासून सुमारे १५० मिलिमीटर वर ठेवा, म्हणजे उडालेलं पावसाचं पाणी लागत नाही. बाहेरच्या सगळ्या धारदार कडा ३ मिलिमीटर गोलाईने मारा: धारेवर रंग पातळ होतो आणि तिथूनच फुटतो.

लाकडाचं टोक म्हणजे उघड्या नळ्यांची जुडी. बाजूच्या पृष्ठभागापेक्षा ते कितीतरी पटींनी वेगाने पाणी ओढतं. खांबाचा पाय, दांडीचं टोक, खाचेत जीभ बसवून केलेला मॉर्टिस जोड, प्रत्येक ठिकाणी जोडण्याआधी टोकांना सीलर लावायलाच हवा. जोडणी झाल्यावर ते टोक परत हाती लागत नाही, त्यामुळे हे काम होताना तुम्ही स्वतः पाहणं चांगलं.

काचेची खाच कोरडी राहायला हवी: काच ठोकळ्यांवर बसवलेली, खालून पाणी बाहेर जायला आणि हवा आत यायला छिद्रं ठेवलेली. आतल्या दवाच्या पाण्यालाही वाट लागते. पॅक्स्टनने १८५१च्या क्रिस्टल पॅलेस या लंडनमधल्या काचेच्या प्रदर्शन-इमारतीसाठी केलेल्या लाकडी पन्हळीत वर पावसासाठी एक खोल खाच होती आणि दोन बाजूंना आतल्या दवासाठी बारीक खाचा होत्या. खालच्या दांडीवर असा उतार किंवा खाच आजही मागून घ्यावी. शिवाय छपराजवळ उघडणारी झडप हवीच. दमट हवा वरून बाहेर गेली नाही तर कोणतंही लाकूड शेवटी हरतं.

स्क्रू, बिजागऱ्या, कोपरे स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. ओकमध्ये साधं लोखंड नकोच.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: बाहेरून अपारदर्शक, वाफ सोडणारा, पाण्यावर आधारलेला रंग. अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, फोडतात आणि वरचा थर सुटतो. रंगातलं रंगद्रव्य ती किरणं अडवतं, पारदर्शक पॉलिश अडवू शकत नाही. रेषा दिसायलाच हव्या असतील तर आतून पारदर्शक आणि बाहेरून रंग अशी दुहेरी रचना करून घ्या. ओक, इरोको आणि इडिग्बो हे आफ्रिकन लाकूड यांच्यातून पिवळे-तपकिरी डाग वर येतात. फिकट रंगाखाली डाग रोखणारा प्रायमर लागतो. फार गडद रंग टाळा. उन्हात असा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो, सांधे उघडतात आणि राळ असलेल्या लाकडातून ती बाहेर येते. रंगाचे सगळे थर कारखान्यातच, सगळ्या सहा बाजूंना बसले पाहिजेत.

पायरी १०: मागणी लिहा आणि माल सांभाळा

मागणीपत्रात प्रत्येक भागासाठी वेगळी ओळ ठेवा. सिलची ओळ अशी होईल: “इरोको, मिलिशिया एक्सेल्सा, फक्त गाभ्याचं लाकूड, रसकाष्ठ अजिबात नाही, आर्द्रता १२ ते १६ टक्के, टोकं सीलबंद.” वाशाच्या ओळीत ताकदीची प्रत आणि थरांचा गोंद येईल, दाराच्या ओळीत क्वार्टर सॉन किंवा ॲसेटिलेटेड. ‘चांगल्या प्रतीचं हार्डवुड’ एवढंच लिहिलेलं मागणीपत्र वादाच्या वेळी काहीच कामाला येत नाही.

काचघर उभं राहण्याआधी जागेवर प्लॅस्टर आणि फरशीचं ओलं काम संपलेलं असू द्या. नव्या प्लॅस्टरमधून सुटणारी वाफ बंद खोलीत लाकडाची आर्द्रता पटकन वाढवते. चौकटी आल्या की जमिनीपासून वर, लाकडी पट्ट्यांवर आडव्या ठेवा, मधे हवा खेळती राहू द्या, वरून पाऊस अडवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून उन्हात ठेवल्या तर आत वाफ कोंडते. बसवताना जागेवर रंधून किंवा भोक पाडून उघडं पडलेलं प्रत्येक टोक त्याच दिवशी सील करा आणि मीटरने एकदा सिल, उंबरठा आणि खांबांचे पाय मोजून आकडे लिहून ठेवा. वर्षभराने, पावसाळी दिवस संपल्यावर, त्याच जागा पुन्हा मोजा. कुठे आकडा १८च्या वर चढलेला दिसला तर रंग फुटायची वाट न पाहता तिथला सांधा, पाणी जायचं छिद्र आणि काचेचं सील तपासा.